लस टोचल्यानंतरचे दुखणे : लसीमुळे की योगायोगाने?

रोहिणी नक्षत्र लागले की गावोगाव घटसर्प व फऱ्या या रोगांच्या प्रतिबंधक लसी टोचण्याची घाई सुरू होते. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी जनावरांच्या अंगी रोगप्रतिकारशक्ती उत्पन्न व्हावी, हा त्यामागील हेतू असतो. याच सुमारास पुष्कळ गावांतून एक तक्रारही दरवर्षी ऐकू येते. लस टोचून चार दिवस होतात न होतात तोच कोणाचा बैल मरतो, कोणाची गाय गाभडते, कोणाची म्हैस दुधाला उतरते. आणि लसीनेच घात केला, असा बोभाटा होतो. पुढच्या खेपेस लस टोचणारा गावात आला की निम्मे गोठे रिकामे दिसतात. जनावरे भल्या पहाटेच रानात धाडलेली असतात.

शेतकऱ्याच्या अशा वागण्यास अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. ऐन पेरणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल गेला, तर त्या घराला वाफसा असूनही दुसऱ्याच्या औताची वाट पाहत बसावे लागते. ज्याचे एवढे नुकसान झाले त्याने कारण विचारावे, हे योग्यच आहे. त्याला दोन प्रकारची उत्तरे मिळतात व दोन्ही घाईची असतात. शेजारी म्हणतात, "लसीनेच मारला." लस टोचणारा म्हणतो, "लसीने काही होतच नाही." यांपैकी पहिले उत्तर बहुधा चुकीचे असते, दुसरे तर मुळातच खोटे आहे, कारण लसीचे काही परिणाम होतात, व ते कोणते हे चांगले ठाऊक आहे. खरा परिणाम कोणता आणि योगायोग कोणता, हे निवडून काढण्याची रीत प्रत्येक ग्रामस्तरीय कार्यकर्त्यास अवगत असली पाहिजे. ती फारशी अवघड नाही.

लस नसती तरी किती जनावरे मेली असती?

कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. परंतु जेथे झाडावर दिवसभर शेकडो कावळे बसत-उठत असतात व फांद्याही अधूनमधून मोडतच असतात, तेथे अशी गाठ पडणे हे नवल नव्हे; न पडती तरच नवल. लसीकरणाच्या मोहिमेत नेमके हेच घडते. दोन-तीन दिवसांत गावातील झाडून सर्व जनावरांना लस टोचली जाते. त्यामुळे त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत कोणतेही जनावर कोणत्याही कारणाने आजारी पडले, तरी ते "लस टोचलेले जनावर"च असते.

हे आकड्यांनी पाहणे उपयोगाचे होईल. समजा, एका मोठ्या गावात लहानमोठी ७३० गुरे आहेत आणि नेहमीच्या वर्षात तेथे शंभरात पाच गुरे म्हातारपण, रोग, अपघात, सर्पदंश, वासरांची हगवण अशा निरनिराळ्या कारणांनी मरतात. म्हणजे वर्षाकाठी सुमारे ३६ गुरे मरतील. सरासरीने दर दहा दिवसांस एक. आता या गावात लसीऐवजी निव्वळ स्वच्छ पाणी टोचले, तरी पुढील दहा दिवसांत एखादे जनावर मरण्याचा संभव असतोच.

तालुक्यात अशी २० गावे असतील, तर दहा दिवसांत त्या सर्वांत मिळून सुमारे २० जनावरे मरतील. परंतु प्रत्येक गावात नेमके एकच मरेल, असे होत नाही. पावसाचे थेंब अंगणातल्या फरशांवर पडू लागले म्हणजे प्रत्येक फरशीवर एकेक थेंब पडत नाही. कोठे दोन, कोठे तीन पडतात आणि काही फरश्या कोरड्याच राहतात. गणिताने असे दिसते की, वीसपैकी सातआठ गावांत एकही जनावर मरणार नाही, उरलेल्या बारातेरा गावांत एक किंवा अधिक मरतील, आणि त्यांतील एकदोन गावांत तीन किंवा त्याहूनही जास्त मरतील. नेमक्या याच एकदोन गावांची वार्ता बाजाराच्या दिवशी तालुकाभर पसरते. ज्या गावांत काहीच झाले नाही, त्यांची गोष्ट कोणी कोणास सांगत नाही. तेव्हा एका गावात तीन जनावरे लागोपाठ मेली, एवढ्यावरून लस वाईट ठरत नाही. मात्र चौकशीची आवश्यकता त्यामुळे निश्चित उत्पन्न होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे ध्यानात ठेवावे.

वरील हिशेबात मरणे वर्षभर सारखी विभागलेली धरली आहेत. प्रत्यक्षात तसे नसते. ज्या दिवसांत घटसर्पाची लस टोचली जाते, तेच दिवस गुरांना सर्वांत वाईट असतात. उन्हाळाभर अर्धपोटी राहिलेली जनावरे पहिल्या पावसाने उगवलेल्या लुसलुशीत गवतावर तुटून पडतात व पोट फुगून मरतात. पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीत व तिच्या खोडव्याच्या फुटव्यांत विषारी द्रव्य असते. ते खाऊन चांगले धडधाकट जनावर घटकाभरात आडवे होते. बिळांत पाणी शिरल्याने साप बाहेर पडतात. विजा पडतात. डबक्यांतील गढूळ पाणी पोटात जाते. गोचिडांची संख्या वाढते व त्यांच्यामार्फत पसरणारा ताप संकरित गाईंना धरतो. लस टोचण्याचा आणि या सर्व आपत्तींचा हंगाम एकच आहे. आणि तो एक असणे हे तर मोहिमेच्या हेतूतच आहे, कारण घटसर्पही याच दिवसांत येतो.

लस टोचूनही तोच रोग का झाला?

सर्वांत अधिक रोष उत्पन्न करणारा प्रकार वेगळाच आहे. घटसर्पाची लस टोचली आणि पाचव्या दिवशी म्हैस घटसर्पानेच गेली, तर लसीतूनच रोग आला असे मालकास वाटणे अगदी स्वाभाविक आहे. याचा उलगडा करण्यासाठी लस कोणत्या पदार्थाची असते, हे पाहावे लागते.

घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकूत यांवर आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या लसी मेलेल्या किंवा निष्क्रिय केलेल्या जंतूंच्या व विषाणूंच्या असतात. मेलेले बी पेरून पीक येत नाही, त्याप्रमाणे मेलेल्या जंतूंपासून तो रोग उद्भवत नाही. मात्र शरीरास त्या जंतूंची ओळख पटते व प्रतिकारशक्ती तयार होऊ लागते. या तयारीस दोन ते तीन आठवडे लागतात. टोचल्या दिवसापासून जनावर सुरक्षित झाले, ही समजूत चुकीची आहे आणि लस टोचणाऱ्याने ती त्याच वेळी दूर केली पाहिजे. घटसर्पाचे जंतू कित्येक निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या घशातही असतात. उपासमार, भिजणे, अतिश्रम यांनी शरीर खचले की ते उचल खातात आणि एकदोन दिवसांत जनावर दगावते. तेव्हा पाचव्या दिवशी घटसर्पाने मेलेल्या म्हशीस लस उशिरा मिळाली, असा त्याचा अर्थ आहे. ती महिनाभर आधी टोचली असती तर म्हैस बहुधा वाचली असती.

निष्क्रिय लसीने तो रोग होत नाही, हे विधान लस नीट तयार केलेली असल्यासच खरे आहे, हेही येथे नमूद करणे उचित होईल. फॉर्मॅलिन वापरून विषाणू निष्क्रिय करण्याची जुनी पद्धत लाळ्या-खुरकुताच्या लसीच्या बाबतीत पुरेशी विश्वसनीय नव्हती. पश्चिम युरोपातील या रोगाच्या काही साथींचे विषाणू लसीत वापरलेल्या विषाणूंशी जुळत असल्याचे १९८० च्या दशकात प्रयोगशाळांनी दाखवून दिले. त्यानंतर विषाणू निष्क्रिय करण्यासाठी अधिक खात्रीची द्रव्ये सर्वत्र वापरात आली.

लम्पी चर्मरोगाच्या वेळी असाच घोटाळा फार मोठ्या प्रमाणावर झाला. हा रोग भारतात प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला व २०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याने थैमान घातले. माश्या, डास व गोचीड यांच्यामुळे तो झपाट्याने पसरतो आणि विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत चार दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत काळ जाऊ शकतो. त्या वर्षी साथ सुरू असतानाच गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. तिचा प्रभाव दिसण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. परिणामी असंख्य जनावरांच्या अंगात लस टोचण्यापूर्वीच किंवा त्यानंतरच्या थोड्याच दिवसांत रोगाने शिरकाव केला. गाठी उठल्या त्या लस टोचल्यानंतर. म्हणून दोष लसीकडे गेला. वास्तविक शेळ्यांच्या देवीच्या लसीत लम्पीचा विषाणू मुळी नसतोच. जी वस्तू बाटलीत नाही, ती बाटलीतून येणार कोठून?

लम्पीच्याच विषाणूस दुर्बल करून केलेल्या जिवंत लसीची गोष्ट निराळी आहे. तिच्यामुळे काही थोड्या जनावरांत खरोखरच बारीक गाठी उठतात. परंतु त्या लहान व वरवरच्या असतात, टोचल्यापासून साधारणपणे दोन आठवड्यांच्या आत दिसतात आणि व्रण न होता जिरून जातात. रोगाच्या गाठी मोठ्या असतात, कातड्याच्या पूर्ण जाडीत खोल रुतलेल्या असतात, पुढे त्यांची खपली पडून खड्डे होतात. पाय व पोळी सुजते, जनावर चारा सोडते. शंका राहिल्यास गाठीच्या नमुन्यावरून प्रयोगशाळा लसीचा विषाणू व रोगाचा विषाणू वेगळे ओळखू शकते.

लसीचे खरे परिणाम

लस टोचल्यावर शरीर जागे होते. त्या जागे होण्याचा थोडासा त्रास बहुतेक जनावरांना होतोच. एकदोन दिवस अंग कोमट लागणे, रवंथ मंदावणे, टोचलेल्या जागी दुखरी सूज येणे हे सर्व लसीचेच परिणाम आहेत. दुभत्या जनावराचे दूध दोनतीन दिवस उतरते व पुन्हा पूर्वपदावर येते. हे आधी सांगितले तर शेतकरी ते मुकाट्याने सोसतो. मागाहून सांगितले तर ती सबब वाटते. तेलयुक्त लसीमुळे टोचलेल्या जागी सुपारीएवढी किंवा त्याहून मोठी टणक गाठ राहते व ती काही आठवडे टिकते. ती हाताला थंड लागते, दाबल्यास दुखत नाही व हळूहळू विरते. तिला चिरा देऊ नये किंवा डागू नये.

क्वचित एखाद्या जनावरास लस मुळीच मानवत नाही. टोचल्यापासून काही मिनिटांत, बहुधा तासाभराच्या आतच, तोंडातून लाळ गळू लागते, पापण्या व नाकपुड्या सुजतात, अंगावर गांधी उठतात, धाप लागते, पाय लटपटतात आणि जनावर कोसळते. हा लसीचा खरा व अतिशय गंभीर परिणाम आहे. ॲड्रेनलिनचे इंजेक्शन वेळीच मिळाले तर जनावर वाचते. म्हणून लस टोचणाऱ्याच्या पिशवीत ते असलेच पाहिजे, आणि शेवटचे जनावर टोचून झाल्यावरही किमान अर्धा तास त्याने तेथून हलू नये. पुष्कळदा असे दिसते की, वीस वाड्या एका दिवसात उरकावयाच्या म्हणून टोचणारा पुढे निघून जातो आणि मागे जनावर तडफडते. अशा एका मृत्यूने गावाचा जेवढा विश्वास उडतो, तेवढा दहा योगायोगांनी उडत नाही.

काही लसींचे परिणाम जनावराची जात, वय व अवस्था यांवर अवलंबून असतात. सांसर्गिक गर्भपाताविरुद्ध, म्हणजेच ब्रुसेल्ला रोगाविरुद्ध वापरली जाणारी जिवंत लस केवळ चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांनाच टोचावयाची असते. गाभण गाईस टोचल्यास तिने ती गाभडू शकते. तेथे लसीला दोष लावणे अगदी बरोबर ठरेल, तथापि खरी चूक टोचणाऱ्याची. ही लस माणसाच्या डोळ्यांत उडाल्यास किंवा सुई बोटास लागल्यास माणसालाही रोग होऊ शकतो, म्हणून हातमोजे व चष्मा आवश्यक आहेत.

जुन्या पिढीतील शेतकऱ्यांना बुळकांडी आठवत असेल. या रोगाच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम १९५४ साली सुरू झाली. त्या काळी वापरली जाणारी, शेळ्यांच्या शरीरातून विषाणू पुनःपुन्हा नेऊन सौम्य केलेली लस मुक्तेश्वर येथील संस्थेत तयार झाली होती. ही संस्था प्रथम १८८९ साली पुणे येथेच स्थापन झाली व १८९३ साली मुक्तेश्वरास हलविण्यात आली. सपाटीवरील देशी गुरांना ही लस सहज मानवे. परंतु विदेशी व संकरित गुरांत, डोंगराळ भागांतील गुरांत ती तीव्र ताप आणी व काही जनावरे दगावतही. हा योगायोग नव्हता, आणि पशुवैद्यकांनी तसे म्हटलेही नाही. अशा जनावरांसाठी अधिक सौम्य लस वापरली गेली व पुढे पेशींवर वाढविलेल्या विषाणूची लस आल्यावर ही अडचण संपली. भारत बुळकांडीमुक्त असल्याचे २००६ साली मान्य झाले व २०११ साली हा रोग साऱ्या जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. आज बुळकांडीची लस टोचण्याचे कारणच उरलेले नाही.

दोष लसीचा नव्हे, टोचण्याचा

लस आणि योगायोग यांच्या मध्ये तिसरा एक वर्ग आहे. त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. टोचलेल्या जागी आठदहा दिवसांनी सूज वाढत जाऊन ती गरम, दुखरी व मऊ लागू लागली, तर आत पू झाला आहे असे समजावे. बाटलीतील लसीचा हा दोष क्वचितच असतो. बहुधा सुई अस्वच्छ होती, किंवा शेणाने भरलेल्या कातड्यावरच ती खुपसली होती. टोचताक्षणीच जनावर मागच्या पायाने लंगडू लागले, तर सुई नसेजवळ लागली असण्याचा संभव आहे. एकच सुई सर्व कळपास वापरल्यास एका जनावराच्या रक्तातील ॲनाप्लाझ्मासारखे रोग दुसऱ्यात जातात व तीनचार आठवड्यांनी ताप, कावीळ व अशक्तपणा दिसू लागतो. प्रत्येक जनावरास स्वतंत्र सुई, हा नियम कागदावर सर्वत्र आहे.

शेवटच्या महिन्यातील गाभण म्हैस दोराने पाडून टोचली आणि ती गाभडली, तर ते पाडण्याने झाले असण्याची शक्यता अधिक. अशा जनावरांस लस विल्यानंतर टोचावी. भर उन्हात कोसभर हाकत आणलेला, दमलेला बैल टोचून लगेच औताला जुंपला तर तो आजारी पडेल, यात आश्चर्य नाही. लसीकरणाच्या वेळीच जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला मारला जातो. पावसाळी हवेत तो कान पिकतो, माश्या बसून किडे पडतात आणि मालक म्हणतो, लस बाधली. हा कान मालकाला दाखवून बिल्ल्याच्या जखमेवर औषध लावून दिले, म्हणजे गैरसमज व जखम दोन्ही बऱ्या होतात.

निवाडा कसा करावा?

पहिला प्रश्न काळाचा. दुखणे लस टोचण्यापूर्वीच सुरू झाले होते काय, हे मालकास सौम्यपणे विचारावे. "त्या दिवशी सकाळी त्याने चारा खाल्ला होता काय?" या साध्या प्रश्नाने कित्येक प्रकरणांचा निकाल लागतो. त्यानंतर किती तासांनी किंवा दिवसांनी दुखणे दिसले, हे लिहावे. न मानवल्याचा झटका तासाभरात येतो. ताप व दूध उतरणे दोनतीन दिवसांत. जिवंत लसीच्या गाठी दोन आठवड्यांच्या आत. मारलेल्या लसीनंतर पंचविसाव्या दिवशी आलेल्या तापास लसीशी जोडण्यास फारच बळकट पुरावा पाहिजे.

दुसरा प्रश्न दुखण्याच्या स्वरूपाचा. फऱ्या रोगात मांसल भागावर आलेली सूज दाबली असता आत वायू असल्याने चरचर असा आवाज येतो. लसीची सूज अशी वाजत नाही. ही खूण महत्त्वाची आहे, कारण दोन्ही सुजा खांद्यावर येऊ शकतात आणि फऱ्या झालेल्या वासरास केवळ काही तासांची मुदत असते. "लसीची सूज आहे, उतरेल," असे न पाहता सांगणे तेथे प्राणघातक ठरते. योगायोग हा शब्दही असाच आळसाने वापरला जातो. दुसरे कारण सापडले तरच योगायोग म्हणावे. सापडले नसेल तर "कारण कळले नाही" असेच नोंदवावे.

तिसरा प्रश्न तुलनेचा, आणि येथेच गावकऱ्यांची सर्वाधिक फसगत होते. समजा, गावात ३२० गाभण जनावरे आहेत. पैकी २४० जनावरांना लस टोचली व ८० जनावरे राहून गेली. पुढील दोन महिन्यांत आठ जनावरे गाभडली. त्यांपैकी सहा लस टोचलेली निघाली. "आठांतली सहा!" असे म्हणताच सभा गप्प होते. परंतु २४० मध्ये सहा म्हणजे शेकडा अडीच, आणि राहिलेली दोन ८० मधील, म्हणजे तीही शेकडा अडीचच. लस टोचलेली जनावरेच तिप्पट असल्यामुळे गाभडणारीही तिप्पट दिसली. उलट २४० मध्ये १८ आणि ८० मध्ये दोन, असे आकडे आले असते तर प्रश्न गंभीर झाला असता व अन्य गावांतील आकडे तत्काळ मागवावे लागले असते.

अशी तुलना करताना एक सावधगिरी घ्यावी. लस न टोचलेली जनावरे ही पुष्कळदा अशक्त, आजारी किंवा अगदी दिवस भरत आलेली असतात. म्हणूनच ती वगळलेली असतात. त्यांच्यात आजार मुळातच अधिक असणार. त्यामुळे लस जितकी निर्दोष आहे त्याहूनही ती अधिक निर्दोष भासते. हा दोष टाळण्यास त्याच गावातील लसीकरणापूर्वीच्या महिन्याची, शक्य असल्यास गेल्या वर्षाच्या त्याच महिन्याची, मरतुकीची नोंद समोर ठेवावी. ज्या कार्यकर्त्याकडे एरवीची नोंदच नाही, त्याला लसीनंतरच्या मृत्यूंबद्दल काहीच सांगता येत नाही.

तक्रार टाकून देऊ नये

तक्रारी नोंदल्या गेल्या म्हणून लसीचा खरा दोष कसा उघड होतो, याचे उत्तम उदाहरण युरोपातील आहे. सन २००७ च्या सुमारास जर्मनीत व पुढे आसपासच्या देशांत महिन्याच्या आतील वासरे विचित्र प्रकारे मरू लागली. कानात बिल्ला मारला किंवा सुई टोचली की रक्त थांबेना. काहींच्या तर अखंड कातड्यातूनच रक्त पाझरू लागले. त्यांच्या हाडांतील रक्त तयार करणारा मगज नष्ट झालेला आढळला. वासरांना कोणतीच लस टोचलेली नव्हती, तेव्हा लसीचा संशय येण्याचे वरकरणी कारण नव्हते. परंतु गोठ्यागोठ्यांची तुलना केली असता, विषाणूजन्य हगवणीवरील एक विशिष्ट लस ज्या कळपांतील गाईंना टोचली होती, तेथेच ही वासरे सापडू लागली. जन्मतः ती ठणठणीत असत आणि आईचा चीक प्याल्यानंतर आजारी पडत. अशा गाईंचा चीक दुसऱ्या गाईंच्या वासरांस पाजला असता काहींना तोच आजार झाला. त्या लसीचा विषाणू गाईच्या पेशींवर वाढविलेला असे व त्या पेशींचे अंश लसीत राहत. गाईच्या शरीराने त्या परक्या पेशींविरुद्ध द्रव्ये बनविली. ती चिकातून वासरात गेली व तेथे त्यांनी वासराच्याच रक्तपेशींवर हल्ला केला. लस टोचलेल्या गाईंच्या वासरांपैकी फारच थोड्यांना हा आजार झाला, तरीही २०१० साली ती लस बाजारातून काढून घेण्यात आली. त्याच रोगावरील दुसऱ्या लसींत हा दोष नव्हता, म्हणून त्या चालू राहिल्या.

सुरुवातीस एखाद्या गोठ्यातील दोन वासरांच्या मृत्यूस कोणी योगायोग म्हटले असते, तर ते चूक ठरले नसते. तेवढ्या माहितीवर तेच म्हणणे शक्य होते. निवाडा झाला तो अनेक गोठ्यांच्या नोंदी एकत्र आल्यावर.

यासाठी लस टोचतानाच प्रत्येक बाटलीवरील लसीचे नाव, निर्मात्याचे नाव, तुकडी क्रमांक व मुदतीची तारीख वहीत उतरून घ्यावी आणि कोणत्या गोठ्यांना कोणती बाटली वापरली हे लिहावे. तक्रारी एकाच तुकडी क्रमांकाभोवती गोळा होत असतील, तर ती तुकडी ताबडतोब थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. उरलेली बाटली फेकू नये. ती बर्फाच्या पेटीत ठेवून तपासणीस पाठवावी. लस २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णतामानात ठेवावी लागते. ती तापली किंवा निष्क्रिय लस गोठली, तर जनावरास अपाय होण्यापेक्षा उपाय न होण्याचा धोका मोठा, व मग "लस टोचूनही रोग झाला" ही तक्रार खरी असते.

जनावर मेल्यास दवाखान्यास लगेच कळवून शवविच्छेदन करून घ्यावे. उन्हाळ्यात व पावसाळ्यात काही तासांतच प्रेत कुजून पुरावा नाहीसा होतो. मात्र जनावर अचानक मेले असेल आणि नाक, तोंड किंवा गुदद्वार यांतून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर ते फाशी रोगाचे लक्षण समजून प्रेत मुळीच चिरू नये, कातडे काढू नये व ते ओढत नेऊ नये. हवा लागताच त्या रोगाचे जंतू वर्षानुवर्षे जमिनीत टिकणारे रूप धारण करतात आणि माणसासही तो रोग होतो. तेथे पशुवैद्यक कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासतात, तेवढे पुरेसे असते. प्रेत जागेवरच किंवा अगदी जवळ खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावे.

प्रयोगशाळेचा अहवाल येण्यास कधीकधी पंधरा दिवसही लागतात, आणि तोवर गाव आपला निकाल देऊन मोकळे झालेले असते. तो आला म्हणजे आधी मालकाच्या घरी जाऊन त्याला समजावून सांगावा व नंतर ग्रामपंचायतीत वाचून दाखवावा. त्यात लसीचा किंवा टोचणाऱ्याचा दोष निघाला असेल, तर तो अहवालही तसाच व त्याच जागी वाचावा.